पायऱ्यांवरून उचलता येईल तेवढंच मशीन घ्या

प्रश्न : आमचं साताऱ्याला बैठं घर आहे. आठ वर्षांपूर्वी पुढच्या अंगणात ‘सिलेक्शन वन’ लॉन लावली. व्हरांड्यापुढे मोठा तुकडा आणि मध्ये तीन पायऱ्या उतरून फाटकाजवळ लहान तुकडा, दोन्ही मिळून ९०० चौरस फूट. मोठ्या तुकड्याच्या कडेला आंबा आहे, आणि कंपाउंडलगतची पट्टी उताराची आहे. इतकी वर्षं आमचे माळीमामा बसून मोठ्या कात्रीने गवत कापायचे. आता त्यांना गुडघ्यांमुळे बसवत नाही. मुलगा पुण्याहून पेट्रोलचं मशीन पाठवतो म्हणतो. दुकानदार म्हणतो, घेताय तर १८ इंचीच घ्या. शेजारी खांद्यावर अडकवायच्या ग्रास कटरने कापतात आणि तेच घ्या म्हणतात. मी ६३ वर्षांची, कंबर अधूनमधून धरते. हे सत्तरीचे. घरात आम्ही दोघंच. कोणतं मशीन घ्यावं?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात : मध्ये तीन पायऱ्या आहेत. दुकानदाराने इंच सांगितले, मुलाने इंजिन सांगितलं, शेजाऱ्यांनी आपलं अवजार दाखवलं. ते मशीन त्या पायऱ्यांवरून दर आठवड्याला खालीवर कोण करणार, हे कोणीच विचारलेलं दिसत नाही. मी तिथूनच सुरुवात करते.

लॉन चांगली राहते ती वेळच्या वेळी कापल्याने. कापायचं साधन कात्री असो की इंजिन, गवताला त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन कापण्यांमध्ये किती दिवस गेले याने. तुमची सिलेक्शन वन ही हरळीचीच निवडलेली जात, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांच्या घराण्यातली. हरळीची हिरवी पानं वरच्या थरात असतात आणि खाली नुसत्या तपकिरी काड्या. पंधरा-वीस दिवस कापायचं राहिलं की हिरवा थर वर सरकतो. मग एकदम खालपर्यंत कापलं की उरतात त्या काड्या, आणि लॉन वाळल्यासारखी दिसते. लोक म्हणतात, मशीनने गवत जाळलं. मशीनचा काही दोष नसतो, उशीर झालेला असतो.

नियम सोपा आहे. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. तुम्हाला लॉन तीन सेंटिमीटर ठेवायची असेल, तर ती साडेचार सेंटिमीटर झाली की कापायची. पावसाळ्यात हरळी हे अंतर आठवड्याभरात, कधी पाच दिवसांतही गाठते. म्हणजे जून ते ऑक्टोबर तुम्हाला जवळजवळ दर आठवड्याला मशीन बाहेर काढावं लागणार. जे मशीन काढायचा कंटाळा येईल, ते कितीही भारी असलं तरी तुमच्यासाठी चुकीचं.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे पूर्वी पेट्रोलचं १८ इंची मशीन घेतलं होतं, तिशीच्या आसपास किलोचं. शेडमधून अंगणात यायला दोनच पायऱ्या. पण दर वेळी दुसरा माणूस हाताशी लागायचा. शनिवारी तो आला नाही की रविवार, मग पुढचा शनिवार. त्या पावसाळ्यात गवत पोटरीपर्यंत गेलं आणि दसऱ्याला सगळी लॉन एकदम खरवडून काढावी लागली. काही ठिकाणी ती पुन्हा भरलीच नाही, तिथे नव्याने चापड्या, म्हणजे मुळा-मातीसकट गवताचे तुकडे, लावाव्या लागल्या. इंजिन उत्तम होतं, एका ओढीत चालू व्हायचं. पण घरातल्या कोणालाच ते एकट्याने हलवता येत नव्हतं.

आता जरा हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा तुमची लॉन गुंठ्यापेक्षाही कमी आहे. मीटरमध्ये साधारण ८४ चौरस मीटर. १२-१३ इंची, म्हणजे ३२ सेंटिमीटर रुंदीच्या मशीनने प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर पाच सेंटिमीटर चढवून कापला, तर एकूण चालणं होतं सव्वातीनशे मीटरच्या आत. १८ इंचीने दोनशेच्या थोडं वर. मोठं मशीन तुमचं चालणं वाचवतं ते फार तर शंभर-सव्वाशे मीटर. तेवढ्यासाठी विजेच्या लहान मशीनच्या तिप्पट वजन पायऱ्यांवरून चढवायचं आणि उतरवायचं. शिवाय फाटकाजवळचा तुकडा लहान, तिथे रुंद मशीन वळवताना कडेची फुलझाडं चिरडणार. दुकानदाराचं १८ इंच शाळेच्या मैदानाला किंवा फार्महाऊसला शोभेल. तुम्हाला १२ किंवा १३ इंच पुरे. वळणं, डबा रिकामा करणं आणि मध्ये एकदा पाणी पिणं धरून अर्ध्या तासात काम होतं.

माझं उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मागून येतील. तुम्ही ३२ सेंटिमीटरचं, वायरवर चालणारं, मागे गवताचा डबा असलेलं विजेचं मशीन घ्या. वजन दहा-बारा किलोंच्या वर नको. आणि त्याच्याबरोबर, खरं तर त्याच्या आधी, इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी त्याची आहे.

हाताने ढकलायचं, वीज-पेट्रोल काहीच न लागणारं मशीन का नको, असं तुम्हाला वाटेल. माझ्या मनात त्या मशीनला खास जागा आहे. गवत कापायच्या यंत्राची सुरुवातच तिथून झाली. इंग्लंडमधल्या स्ट्राउड या कापडगिरण्यांच्या गावी एडविन बडिंग नावाच्या कारागिराने कापडावरची लव छाटणारं यंत्र पाहिलं, तेच फिरतं पातं जमिनीवर चालवलं तर काय होईल असा विचार केला आणि १८३० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी बागांमधलं गवत विळ्या-कोयत्यांनीच कापलं जायचं. पुढे मोठी यंत्रं घोड्यांना जुंपली गेली, तेव्हा हिरवळीवर खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट घालत.

त्या मशीनचा गाभा आजही तोच आहे. पिळदार पात्यांचा एक रूळ फिरतो, खाली एक स्थिर पट्टी असते, आणि दोन्हींच्या मध्ये आलेलं गवताचं पातं कात्रीसारखं कटकन कापलं जातं. माळीमामांच्या कात्रीची बरोबरी करणारी कापणी फक्त हेच मशीन देतं. क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर आणि गोल्फच्या हिरवळींवर आजही असंच पातं चालतं. पण त्याच्या अटी कडक असतात. जमीन सपाट हवी, गवत वेळेवर कापलेलं हवं, आणि वाटेत काडी-खडा नको. तुमच्याकडे आंबा आहे. मोहोर गळणार, वाऱ्याने काड्या पडणार, बाळकैऱ्या पडणार. पेन्सिलीएवढी एक काडी रुळात अडकली की मशीन जागच्या जागी थांबतं आणि ढकलणाऱ्याच्या कंबरेला हिसका बसतो. तुमच्या पत्रातली कंबर वाचून मी तिथेच हा पर्याय सोडला. शिवाय पावसाची चार-पाच दिवस झड लागून गवत वाढलं की उंच काड्या या मशीनखाली आडव्या पडतात आणि मशीन पुढे गेल्यावर पुन्हा उभ्या राहतात. तुमची लॉन सपाट, झाड नसलेली आणि कोरियन गवताची असती, तर मी हेच घ्या म्हटलं असतं.

विजेच्या मशीनमध्ये पातं आडवं, पंख्यासारखं फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवत छाटतं. कापणी कात्रीइतकी देखणी होत नाही. पण काडी आली तर तोडून टाकतं, गवत थोडं उंच असलं तरी कापतं, आणि अंगण जरा उंचसखल असलं तरी कुरकुरत नाही.

शेजाऱ्यांच्या ग्रास कटरबद्दल. कोकणात काजू-आंब्याच्या बागांतलं रान काढायला, बांध साफ करायला ते अवजार फार उपयोगाचं आहे. पण ते लॉनसाठी केलेलं नाही. उंची ठरवणारं चाक त्याला नसतं, उंची तुमच्या हातावर असते. हात दमला की गवत कापणारी फिरती नायलॉनची दोरी खाली येते आणि लॉनला जागोजागी टक्कल पडतं. पाच-सात किलोंचं इंजिन खांद्यावर घेऊन अर्धा तास कंबरेतून डावी-उजवीकडे वळत राहायचं, हे ६३व्या वर्षी आणि दुखऱ्या कंबरेने करू नका. हे मी अगदी आग्रहाने सांगते. ऑनलाइन घेताना आणखी एक घोळ होतो. ‘ग्रास कटर’, ‘ट्रिमर’ आणि ‘लॉन मोअर’ ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेली असतात. चित्रात चार चाकं आणि मागे डबा दिसला तरच ते तुमच्या कामाचं.

मुलाला काय सांगायचं? त्याची माया समजते, आणि पेट्रोलच्या मशीनला जोर असतो हेही खरं. पाच-सात गुंठ्यांची लॉन असेल, किंवा वीज पोचतच नाही अशी जागा असेल, तर तेच घ्यावं. पण त्याच्याबरोबर येतात तेल बघणं, एअर फिल्टर झाडणं, स्पार्क प्लग, दोरी ओढून चालू करणं आणि घरात पेट्रोलचा कॅन ठेवणं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तुमचं मशीन हिवाळ्यात महिना महिना उभं राहणार. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं तर कार्ब्युरेटर चिकटतो आणि पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून ओढून हात दुखतो. मुलाला म्हणावं, मशीन हलकं दे आणि उरलेल्या पैशांत वायरिंग नीट करून दे. भेट तीच राहील.

बॅटरीच्या मशीनचा विचार मी बराच वेळ केला. वायर नाही, आवाज कमी, बटण दाबलं की सुरू. पायऱ्यांच्या खालच्या तुकड्यासाठी तर सोयीचंच. पण बॅटरीचं गणित बघा. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १४४ वॅट-तास. मोटार सरासरी ४०० वॅट ओढत असेल तर वीसेक मिनिटं. श्रावणातल्या दाट, ओलसर हरळीत मोटार जास्त ओढते, मग वेळ आणखी घटतो. म्हणजे दुसरी बॅटरी आलीच, आणि या मशीनमधला महाग भाग तोच. चार-पाच वर्षांनी बॅटरी थकेल तेव्हा त्याच मापाची बाजारात मिळेल का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. तुमचा सॉकेट व्हरांड्यात असेल तर लॉनचा सर्वांत लांबचा कोपराही पंधरा-वीस मीटरच्या आत असावा. इतक्या अंतराला वायर चांगली पुरते. अंगण मोठं असतं, किंवा मध्ये आठ-दहा झाडं असती, तर मी तुम्हाला बॅटरीकडेच वळवलं असतं.

आता वीज. हा भाग दोघांनी एकत्र बसून वाचा, ताई.

मशीन १००० ते १४०० वॅटचं असेल. खर्चाची काळजी नको, अर्ध्या तासाला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही. पण मोकळं अंगण, ओली माती, वेगाने फिरणारं पातं आणि २३० व्होल्टची वायर एकत्र आली की निष्काळजीपणाला जागा उरत नाही. पहिलं काम : घरच्या मेन बोर्डात आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. बऱ्याच घरांत एमसीबी असतो आणि लोकांना वाटतं झालं काम. एमसीबी जास्त भारापासून वायरीला वाचवतो. वीज गळून माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागली, तर ती ओळखून क्षणात तोडतो तो आरसीसीबी, आणि तो ३० मिलिअँपिअरचा हवा. नसेल तर मशीनच्या आधी तो बसवा. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. वीज गेली पाहिजे. सोबत घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

दुसरं, एक्स्टेंशनची वायर. टीव्हीसाठी असते तसली बारीक पांढरी पट्टी इथे चालणार नाही. दीड चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, तांब्याची, लवचिक, वीस मीटरची वायर घ्या. रंग नारिंगी किंवा पिवळा असावा. हिरव्या गवतात हिरवी किंवा काळी वायर दिसत नाही आणि पात्याखाली जाते. वायर रिळावर असेल तर काम सुरू करण्याआधी ती सगळी उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतून इतकी वीज गेली की ती तापते आणि आवरण वितळू शकतं. व्हरांड्यातला सॉकेट मोठ्या पिनेचा, १६ अँपिअरचा हवा.

कापायची दिशा अशी ठेवा की सॉकेटच्या बाजूने सुरुवात करून लांब जात जायचं, म्हणजे वायर नेहमी कापलेल्या भागावर पडते आणि मशीन न कापलेल्या भागात असतं. दर वळणाला वायर हाताने बाजूला घ्यायची. दोन-तीन वेळा केलं की हात आपोआप करतो. आणि कधी वायर कापली गेलीच, तर आधी सॉकेटचं बटण बंद करून पिन काढायची. तोपर्यंत वायरीला हात लावायचा नाही, मशीनलाही नाही.

गवत ओलं असताना कापू नका. सकाळी दव असतं, म्हणून दुपारी तीन-चारनंतरची वेळ बरी. पावसाळ्यात उघडीप मिळाली की दोन-तीन तास ऊन पडू द्या. अंगणात काळी माती असेल तर आणखी थांबा. ओल्या काळ्या मातीत चाकं रुततात, मशीनच्या पोटात चिखल-गवताचा लगदा बसतो आणि तो काढायला लोक खाली हात घालतात. पिन काढल्याशिवाय मशीन कधीही उलटं करायचं नाही. बटण बंद केलंय एवढ्यावर भिस्त नको, पिन हातात दिसली पाहिजे. पायात चपला नकोत, पुढून बंद बूट हवेत. साडी असेल तर पदर आणि निऱ्या खोचून घ्या, ओढणी घरात ठेवा. मशीन स्वतःकडे ओढत मागे चालू नका, पायाला पातं लागायचे प्रसंग तेव्हाच येतात. आणि नातवंडं आली असतील तर ती घरात. पात्याने उडवलेला खडा डोळ्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

उताराच्या पट्टीवर मशीन चालवू नका. तिथे लॉन ठेवायचा हट्टच सोडा, असं मी म्हणेन. त्या पट्टीत दीड-दोन फुटांवर गवती चहाची बेटं लावा. मुळं माती धरून ठेवतात, कापायची कटकट नाही, आणि चहाला पात घरचीच. आंब्याखालीही तसंच. हरळीला ऊन लागतं. गर्द सावलीत ती विरळ होते आणि जमीन उघडी पडते. खोडाभोवती तीन-चार फुटांचं आळं करून तिथे वाळलेल्या पानांचा थर द्या. मशीन खोडाला घासणार नाही, आणि आंब्यालाही बरं. या दोन गोष्टी केल्यात की कापायची जागा आणखी शंभर-दीडशे फुटांनी कमी होईल.

दुकानात गेलात की मशीन नुसतं बघू नका, हातात घ्या. एका हाताने जमिनीपासून उचलून बघा. जड वाटलं तर ते नको, विक्रेता काहीही म्हणो. दांड्याची उंची तुमच्या कंबरेला जुळते का आणि वाकावं लागतंय का ते पाहा. दांडा घडी होत असेल तर जिन्याखाली राहील. कापणीची उंची किती टप्प्यांत बदलते ते विचारा. २० ते ६० मिलिमीटरच्या दरम्यान तीन टप्पे तरी हवेत, आणि चारही चाकं एकाच कळीने वरखाली होत असतील तर छान. सुरू करायला बटण आणि पकड अशा दोन्ही गोष्टी एकदम दाबाव्या लागल्या पाहिजेत, आणि पकड सोडली की पातं काही सेकंदांत थांबलं पाहिजे. हे समोर चालवून दाखवायला सांगा. आणि विचाराच : या मॉडेलचं पातं सुटं मिळतं का, साताऱ्यात मिळतं का? मिळत असेल तर मशीनबरोबरच एक जास्तीचं घेऊन या. पात्यासाठी दुसऱ्या गावाची वाट बघायची वेळ आली की आठवडे वाया जातात, आणि आठवडे वाया गेले की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

पात्याची धार हा एक विषय लोक विसरतात. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी झाक दिसली, तर वाकून गवताचं एक पातं हातात घ्या. टोक सुताच्या दशीसारखं फाटलेलं दिसेल. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि ओरबाडलेली टोकं वाळतात. इतक्याशा लॉनला हंगामात दोनदा धार पुरते. पातं सोडवून कानशीने मूळ उतार सांभाळून घासायचं, दोन्ही बाजू सारख्या. मग मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघायचं. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तिथे आणखी थोडं घासायचं. असमतोल पात्याने मशीन थरथरतं आणि मोटारीचे बेअरिंग जातात. हे काम माळीमामा मांडी न घालता, ओट्यावर बसून करू शकतील, आणि कात्रीला इतकी वर्षं धार लावलेल्या हाताला ते शिकवावं लागणार नाही.

उंची ऋतूप्रमाणे बदला. पावसाळ्यात तीन-साडेतीन सेंटिमीटर ठीक. हिवाळ्यात साताऱ्याच्या थंडीत हरळी मंदावते, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी एकदा मशीन फिरवलं तरी चालेल. मार्चपासून उंची चार-साडेचारवर न्या. लांब गवताची सावली मातीवर पडते आणि पाणी कमी लागतं. गावाला गेलात आणि गवत फार वाढलं तर एकदम खाली आणू नका. आधी मशीन सर्वांत वरच्या टप्प्यावर ठेवून फिरवा, चार दिवसांनी पुन्हा एक टप्पा खाली. लॉनमधून लव्हाळ्याची फिकट पाती डोकं काढतील, ती कापल्याने जात नाहीत, खाली गाठी असतात. पावसाळ्यात माती भुसभुशीत असताना ती गाठीसकट उपटावी लागतात.

कापलेलं गवत पावसाळ्यात डब्यात गोळा करा, नाहीतर त्याचा थर कुजून खालची लॉन पिवळी पडते. इतर वेळी कापणी थोडीशी असेल तर डबा काढून ठेवा, बारीक तुकडे तिथेच जिरतात आणि खत होतं. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकताना वाळक्या पानांबरोबर थर द्या. नुसत्या ओल्या गवताचा ढीग तापतो आणि वास मारतो. शेजारच्या गाईला द्यायचं असेल तर त्याच दिवशीचं ताजं, पसरून द्या, आणि लॉनवर कसलंही औषध मारलं असेल तर अजिबात देऊ नका.

मशीन घरी आलं की पहिल्या दिवशी एकट्याने सुरू करू नका. माळीमामांना बोलवा आणि त्यांच्याबरोबर सगळी लॉन पायाखालून घाला. पाण्याचा पाइप कुठे उघडा पडलाय, आंब्याचं मूळ कुठे वर आलंय, कुठल्या कोपऱ्यात बांधकामाची खडी अजून मातीत आहे, हे आठ वर्षं तिथे बसून कापणाऱ्यालाच माहीत असणार. ते दाखवतील तिथे तिथे एकेक काडी रोवा आणि काड्यांच्या आत मशीन नेऊ नका. त्या जागा आणि भिंतीलगतची वीतभर कड तेवढी कात्रीने कापायची. लांब दांड्याची, उभ्याने चालणारी कात्री मिळते, ती माळीमामांसाठी घ्या.